सोळा नॉटचा वारा

महाजन सर पाण्यात बुडून गेले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण बुऱ्हाणपुरात अजून निम्म्या लोकांची तीच समजूत आहे. सर गेले ते शनवारा मोहल्ल्यातल्या आपल्या घरात, सकाळचा दुसरा चहा अर्धा पिऊन, खुर्चीत बसल्या बसल्या. डॉक्टरांनी हृदयाचं नाव घेतलं. त्याला आता वर्ष होत आलं. तरी परवा बुधवारा बाजारात एका किराणा दुकानदारानं मला विचारलंच, "वो पानी पे उडनेवाले मास्तर, नदीतच गेले ना?" मी म्हटलं, "नाही, घरी गेले. चहा पिताना." त्याचा चेहरा पडला. पाण्यावर उडणाऱ्या माणसानं चहा पिताना जावं हे त्याला पटलं नसावं. मग त्यानं माझी साखर बांधून दिली.

आम्ही दोघं तीस वर्षं एकाच शाळेत होतो. ते विज्ञान शिकवायचे, मी हिंदी. घरी मराठी बोलायचं आणि शाळेत हिंदी शिकवायचं, यात आमच्या गावात कुणाला काही वावगं वाटत नाही. सरांचा एक दोष साऱ्या स्टाफरूमला ठाऊक होता. त्यांना 'साधारण' हा शब्द चालत नसे. किती वाजले विचारलं, तर चार वाजून सात मिनिटं. भाजी कशी झाली विचारलं, तर मीठ एक चिमूट कमी, तिखट बरोबर. एका निरोपसमारंभानंतर मुख्याध्यापकांनी सहज विचारलं, "कसं झालं माझं भाषण?" सर म्हणाले, "अकरा मिनिटं जास्त." खरं बोलायचं असं त्यांचं काही व्रत वगैरे नव्हतं. विचारलं की जे असेल ते तोंडातून बाहेर पडायचं, एवढंच. त्यांच्या पत्नी मंदावहिनी म्हणायच्या, "साडी कशी दिसते हे यांना विचारायचं मी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सोडलं."

दुसरी गोष्ट त्यांच्या तोंडच्या दोन शब्दांची. वर्गात फळ्यासमोर एखादा अडला, गणित सुटेना, की सर मागून म्हणायचे, "पाय मार." हिंदी माध्यमाची पोरं आधी गोंधळायची, मग तीही एकमेकांना म्हणायला लागली. या शब्दांचा उगम शहराजवळच्या बहादरपूर गावचा. सर तिथले, केळीच्या बागेतले. वडील लवकर गेले, तेव्हा थोरल्या भावानं शाळा सोडून बाग धरली आणि धाकट्याला शिकवलं. त्याच भावानं त्यांना तापीत पोहायला शिकवलं, तेही केळीच्या खोडावर. घड कापला की खोड पाडतातच, आणि ताजं खोड पाण्यावर मजेत तरंगतं. धाकट्यानं ते छातीशी धरायचं आणि थोरल्यानं काठावरून एकच घोष करायचा, "पाय मार, येसू, पाय मार." सर सांगायचे, "तेवढ्या दोन शब्दांवर मी पोहायला शिकलो, एमएस्सी झालो आणि संसारही केला."

सगळे त्या भावाला दादा म्हणत. आता सत्तरीचे, उंच, बोलायला कमी. सर शहरात राहिले तरी दर रविवारी बहादरपूरला जेवायला जात, आणि हा नेम मुलगी झाली त्या रविवारीसुद्धा चुकला नव्हता, अशी मंदावहिनींची तक्रार होती.

निवृत्तीनंतर सर आणि वहिनी मुलीकडे गेले. जावई तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नोकरीला होता. महिनाभरानं परत आले ते सर निराळेच होते. माझ्या घरी आले, पायातली चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "पाठक, मी माणूस पाण्याच्या वर पाहिला. दीड फूट. इंजिन नाही, दोरी नाही, आवाज नाही." मी विचारलं, मंदिरातल्या चित्रात का? ते चिडले. मग त्यांनी कागद मागितला आणि चित्र काढून दाखवलं. उभं राहायला एक पाटी, तिला बोर्ड म्हणतात. बोर्डाच्या पोटाला मीटरभर लांबीची उभी दांडी आणि दांडीच्या टोकाला, पाण्याखाली, विमानाला असतात तसे छोटे पंख. हे फॉइल. वर हातात धरायला कापडाचा, हवा भरलेला मोठा पंख. वारा वरच्या पंखाला ओढतो. वेग आला की खालचा पंख माणसाला बोर्डासकट पाण्यावर उचलतो. मग बोर्ड पाण्याला लागतच नाही. "चालत्या बसच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा जरा तिरका केला तर काय होतं?" "कंडक्टर ओरडतो," मी म्हटलं. "हात वर जातो," सर म्हणाले. "बस्, तेवढंच आहे."

तेवढंच नव्हतं. बासष्टाव्या वर्षी सर तिथं पाच दिवस शिकून आले होते, आणि पाच दिवसांत गुडघ्यावर बसण्यापलीकडे मजल गेली नव्हती. तरी कुणाचं तरी वापरलेलं सगळं सामान त्यांनी मागवून घेतलं. बोर्ड घरात आला आणि पलंगाखाली गेला. फॉइलला धार असते म्हणून मंदावहिनींनी त्याला जुन्या गोधडीची खोळ शिवली. "माहेरी काय सांगू, नवरा निवृत्तीनंतर काय करतो म्हणून?" असं त्या म्हणत होत्या, पण टाके बारीक घालत होत्या.

आमच्याकडे तापी आहे, पण उन्हाळ्यात तिच्यात खडक जास्त आणि पाणी कमी. फॉइलला निदान कमरेच्या वर पाणी लागतं. म्हणून सरांनी तापीच्या खालच्या अंगाला, तासाभराच्या अंतरावर, महाराष्ट्राच्या हद्दीतल्या एका धरणाचा फुगवटा शोधला. चैत्र-वैशाखात तिथं पश्चिमेचा वारा धरून वाहतो. माझ्याकडे जुनी जीप, आणि निवृत्तीनंतर माझ्याकडे कुणाचं काही काम नाही, त्यामुळे सारथी मी. पोहणं मला येत नाही. माझं काम काठावर बसून सरांची चप्पल, चष्मा आणि फोन सांभाळणं.

पहिल्याच फेरीला घोटाळा झाला. ऊन लागू नये म्हणून वहिनींनी बोर्ड पांढऱ्या चादरीत गुंडाळून दिला होता आणि मी तो जीपच्या टपावर लांबट बांधला. शनवाऱ्याच्या दरवाज्यापाशी रिक्षावाल्यांनी वाट करून दिली. दोघांनी हात जोडले. एक ओळखीचा तर स्कूटर थांबवून खिडकीशी आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कोण गेलं, सर?" सर म्हणाले, "अजून कुणी नाही." तेव्हापासून चादर बदलून फुलाफुलांची केली.

फुगवट्याच्या काठावर सुपडू नावाचा मासेमारी करणारा म्हातारा भेटला. त्याची होडी तिथंच असायची. त्याची जाळी कुठं आहेत ते विचारून घेतल्याशिवाय सर पाण्यात उतरत नसत, कारण फॉइल जाळ्यात अडकलं तर जाळं फाटणार. सुपडूला हे आवडलं. पण खेळ काही त्याला उमजला नाही. "मास्तर," तो म्हणाला, "मासा पाण्यात राहून उडत नाही, अन् तुम्ही जमिनीवरचे. तुम्ही काहून उडू राह्यले?" सर म्हणाले, "अजून उडालो कुठं?" आणि पडले.

ते पडत किती याचा हिशोब मी ठेवला नाही. पण त्यांची एक पद्धत होती. पाण्याबाहेर डोकं आलं की आधी पडण्याचं कारण मोठ्यानं जाहीर करायचे, मग श्वास घ्यायचे. "मागचा पाय फार मागे!" "पंख डोक्यावर नेला नाही!" सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते "नजर खाली गेली!" सुरुवातीला डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट होतं. त्यात पाणी भरायचं आणि कारण ऐकू यायचं नाही. मग मुलीनं योग्य ते हेल्मेट पाठवलं. पहिल्या हंगामात सर उभे राहायला शिकले. दुसऱ्या हंगामात बोर्ड पाण्यावरून सुळकन जायला लागला. वर मात्र उठेना. त्यासाठी त्यांच्या वजनाला आणि त्यांच्या पंखाला सोळा नॉटचा वारा हवा होता. नॉट हे समुद्रावरचं माप, आणि सोळा नॉट म्हणजे ताशी तीस किलोमीटरला जरा कमी. 'जरा' हा शब्द माझा, सरांनी दशांशापर्यंत सांगितलं होतं.

आता गंमत अशी की आमच्या भागात वारा मागणारा माणूस नसतोच. वैशाखात केळीच्या बागा निसवलेल्या असतात, म्हणजे खोडातून घड बाहेर आलेले असतात. घड धरलेलं झाड डोईजड. मुळं वरवर. मृगाच्या आधी एखादं वादळ आलं की वर्षभराची बाग तासाभरात झोपते. म्हणून बहादरपूरला सरांच्या घराण्यात वाऱ्याचा नारळ फोडतात. गावाबाहेरच्या मारुतीपुढे सगळं घर जमतं, एकाच नारळावर सगळ्यांनी उजवा हात ठेवायचा आणि मनात मागायचं. मारुती वाऱ्याचा मुलगा, तेव्हा बापाची समजूत तोच घालणार. कुणी काय मागितलं हे कुणी विचारत नाही, कारण सगळे एकच मागतात.

त्या वर्षी मीही गेलो होतो. सगळ्यांचे हात नारळावर, डोळे मिटलेले. बाकीच्यांचं दोन क्षणांत आटोपलं. सरांचे ओठ हलतच होते. दादांनी एक डोळा उघडून विचारलं, "काय मागू राह्यला रे येसू एवढं?"

सर म्हणाले, "सोळा नॉट. पश्चिमेचा. सकाळी नऊ ते एक. तेवढ्यानं पानं फाटतील दादा, खोडाला काही होत नाही."

मागे कुणीतरी "अरे राम" म्हणालं. दादा भावाकडे बघत राहिले आणि मग चक्क हसले. "मारुतीले आकडा सांगतो का रे?" असं म्हणून त्यांनी नारळ फोडला. घरी येईपर्यंत ते अधूनमधून हसत होते. पुढे जे झालं ते झालं नसतं, तर ही गोष्ट लग्नाकार्यात वर्षानुवर्षं सांगितली गेली असती.

सर रोज सकाळी फोनवर वाऱ्याचा नकाशा बघत. त्यात वारा रंगात दिसतो. निळा मंद, हिरवा बरा, मग पिवळा, मग लाल. मृग लागायला चार दिवस होते. सकाळी साडेसातला सरांचा फोन आला, "पाठक, नऊपासून सोळा दाखवतंय. दुपारी लाल आहे, तेव्हा एकच्या आत बाहेर निघू." मी जीप काढली. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, आणि मलाही त्यात आमच्या बाहेर निघण्यापलीकडे काही ऐकू आलं नाही. ते मी विसरलेलो नाही.

त्या दिवशी सर उठले. अकराच्या सुमाराला ते काठापासून बरेच आत होते. पंख हातात, गुडघे वाकलेले, नेहमीसारखा बोर्डाचा पाण्यावर आपटण्याचा आवाज येत होता. आणि तो आवाज बंद झाला. मला वाटलं पडले. बघतो तर बोर्डाखालून पलीकडचा काठ दिसत होता. सुपडू होडीत उभा राहिला. दहा-बारा सेकंद गेले असतील. मग सर धाडकन पडले आणि डोकं वर आल्यावर पहिल्यांदाच त्यांनी कारण सांगितलं नाही. नुसते हसत होते. आणखी चारदा उठले. परत येताना वाटेत उसाचा रस प्यायलो, तर म्हणाले, "दादांना दाखवायचं. त्यांना म्हणावं, खोड सुटलं आता."

दुपारी चारला वादळ आलं. शनवाऱ्यात माझ्या गच्चीवरची पत्र्याची शेड उडाली आणि मी दार लावून बसलो. वारा थांबल्यावर सरांना घेऊन बहादरपूरला गेलो. सर सकाळच्या चुरगळलेल्या कपड्यांतच होते. दादांची बाग पश्चिमेच्या बाजूनं अर्ध्याच्या वर झोपली होती. घड चिखलात. दादा बांधावर उभे होते.

"कुठं होता?" त्यांनी विचारलं.

"पाण्यावर," सर म्हणाले.

दादांनी पायाशी पडलेला एक घड उचलून बांधावर ठेवला. मग म्हणाले, "तुह्या त्या फोनात दिसते ना हे सगळं? दिसलं होतं का तुले?"

मी मनात म्हटलं, सर, आज एकदा तरी 'साधारण' म्हणा. पण विचारलं होतं.

"हो," सर म्हणाले. "सकाळी साडेसातला. चार वाजता अडतीस नॉट."

"साडेसातले," दादा म्हणाले. "सात माणसं होते माह्याजवळ. दोनपर्यंत निम्मी बाग दोऱ्यांनी बांधून झाली असती. सांगितलं काहून नाही?"

सरांनी उत्तर दिलं, आणि तेही खरंच होतं. "मी पाण्याचाच विचार करत होतो, दादा."

दादा वळले आणि बागेत गेले. त्यानंतर ते सरांशी बोलले नाहीत. रागावणं, टाकून बोलणं, काही नाही. रविवारी सर जात, ताट वाढलेलं असे, दादा समोर बसून जेवत आणि उठून जात. आठवडे गेले, महिने गेले. बोर्ड गोधडीत गुंडाळून पलंगाखाली गेला. पावसाळ्यानंतर चांगले वारे आले तेव्हा मी एकदा विचारलं, जायचं का? सर म्हणाले, "नको. उठलो तरी दाखवू कुणाला?" मला त्यांचं फार वाईट वाटलं. दादांचाही राग आला, पण दादांचं चुकलं होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

हातावर हात ठेवून बसणारा हा माणूस नव्हे. सरांनी बुऱ्हाणपुरातल्या पॉवरलूमवाल्यांकडून कापडाच्या चिंध्या आणल्या. पंचवीस बांबू घेतले, प्रत्येकाच्या टोकाला एकेक चिंधी बांधली आणि दादांच्या बागेभोवती रोवले. मग रोज सकाळ-संध्याकाळ तिथं जाऊन कुठली चिंधी किती ताणली जाते ते बघत बसायचे. गाववाले म्हणाले, मास्तरच्या डोक्यावर परिणाम झाला. महिन्याभरात सरांना कळलं की पश्चिमेचं गवताचं कुंपण गाडीवाटेसाठी एका जागी तोडलं होतं आणि तिथून वारा दामटून आत शिरत होता. त्यांनी गाडीवाट वळवून घेतली आणि त्या फटीत स्वतःच्या हातांनी गजराज गवत आणि शेवरीच्या दोन ओळी लावल्या. दादा लांबून बघत होते, आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सर गेले तर त्या दोन ओळींना ठिबकची नळी जोडलेली होती. सर मला म्हणाले, "नळी सोळा एमएमची आहे. मुख्य बागेची." एवढंच म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी मला जिलबी खाऊ घातली.

मग त्यांनी फोनवर एक ग्रुप काढला. बहादरपूर आणि आसपासचे केळीवाले त्यात. रोज सकाळी सव्वासातला सरांचा संदेश येई. आज वारा कुठून, किती, कधी, बांधायचं की नाही. उगाच सुप्रभात नाही, फुलं नाहीत. कुणी चुकून फुलं टाकली तर सर लिहीत, "याचा वाऱ्याशी संबंध नाही." दादा त्या ग्रुपमध्ये होते. संदेश गेला की मिनिटभरात त्यांनी वाचल्याची खूण दिसायची. उत्तर कधीच नाही. सर ती खूण उघडून बघत आणि फोन खिशात ठेवत. मी हे कित्येकदा पाहिलं.

पुढच्या वैशाखात वाऱ्याच्या नारळाला सर आले, पण देवळाच्या आत आले नाहीत. बाहेर सगळ्यांच्या चपला होत्या, तिथं उभे राहिले. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, "मी हात लावला तर बाकीच्यांचं मन लागायचं नाही." नारळ फुटला. दादा खोबरं वाटत वाटत माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझ्या हातावर दोन तुकडे ठेवले. मग पुढच्याकडे वळले. दुसरा तुकडा मी बाहेर नेऊन दिला. सरांनी तो बराच वेळ चावला.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी संदेश आला, "उद्या दुपारी तीननंतर पस्तीसच्या वर. आज संध्याकाळपर्यंत बांधून घ्या." त्या दिवशी सरांनी प्रत्येकाला फोनही केले. दादा उचलणार नाहीत म्हणून त्यांच्या मजुराला केला. दुसऱ्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी वारा आला. संध्याकाळी ग्रुपवर दादांचा पहिला आणि शेवटचा संदेश आला. "बाग उभी."

त्या रविवारी सकाळी मला दादांचा फोन. "पाठक मास्तर, येसूची ती पाटी हाये का अजून?"

"आहे. पलंगाखाली."

"त्याले पाण्यावर घेऊन जा. मी येतो." आणि फोन ठेवला.

सरांना मी एवढंच सांगितलं की आज चौदा-पंधराचा वारा आहे, चला. दादांचं नाव घेतलं असतं तर ते हिशोब करत बसले असते. काठावर सर पंखात हवा भरत असताना मागे टेम्पो थांबला. दादा उतरले. टेम्पोच्या मागून त्यांनी एक केळीचं खोड ओढून काढलं, ताजं तोडलेलं, पाचेक फुटांचं, आणि खांद्यावर घेऊन पाण्याशी आणून ठेवलं. सरांच्या अंगावरच्या लाइफ जॅकेटकडे एकदा बघितलं, खोडाकडे एकदा, आणि माझ्या शेजारी दगडावर येऊन बसले. सर पंप हातात धरून उभेच होते. मग खाली वाकून हवा भरायला लागले.

वारा चौदाचाच होता, सोळाचा नव्हता. सर दोनदा पडले. एक वर्ष सवय नव्हती, वयही वाढलेलं. दोन्ही वेळा कारण ओरडले आणि दोन्ही वेळा दादांनी माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या वेळी एक झुळूक जोराची आली आणि तो आपटण्याचा आवाज बंद झाला. सर उठले. सरळ, नजर समोर, पांढरा पंख हातात, पाण्यापासून फूट-दीड फूट वर. गेले ते गेलेच. मधोमध गेले, तिथून पुढे गेले, एवढेसे दिसायला लागले. सुपडू आपल्या होडीतून "चालले मास्तर, चालले" म्हणत होता. दादांनी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला होता.

आणि तिकडे, पार पलीकडे, वारा पडला. सर अलगद खाली आले आणि बोर्डावर बसले. त्यांनी हात वर करून हलवला. मी ठीक आहे, असा त्याचा अर्थ. मला माहीत होतं, वारा गेला की बोर्डावर पालथं पडून हातानं वल्हवत यायचं असतं. वेळ लागतो, धोका काही नाही. हे मी दादांना सांगायला तोंड उघडलं, तोवर दादांनी सदरा काढला होता. सत्तरीचा माणूस खोड घेऊन पाण्यात शिरला. मी "दादा, दादा" करत राहिलो. सुपडूनं होडी त्यांच्या मागे घातली. खोडाच्या एका टोकाला धरून, दुसरं टोक पुढे करून, दादा आत आत जात होते, आणि त्यांचा आवाज आख्ख्या फुगवट्यावर येत होता.

"पाय मार, येसू! पाय मार!"

सरांना बोर्डावर आरामात झोपून येता आलं असतं. मी दगडावर उभा राहून बघत होतो. दादा जवळ आले तसे सर बोर्डावरून पाण्यात उतरले, बोर्ड आणि पंख सुपडूच्या होडीला दिले, आणि खोडाचं मोकळं टोक छातीशी धरलं. मग ते पाय मारायला लागले.